दात की दाढ

बँडमध्ये त्याला सगळे फुंकर म्हणतात. पहिल्या क्लॅरिनेटची खुर्ची त्याची. क्लॅरिनेट नुसत्या ओठांनी वाजतं असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचं टोक वरच्या पुढच्या दोन दातांखाली टेकवावं लागतं. फुंकरच्या त्या दोन दातांतला एक बरेच दिवस हलत होता. दुखत मात्र होती खालची शेवटची दाढ.

दातांच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही तक्रारी ऐकल्या, एक्स-रे काढले, उजेडासमोर धरले आणि म्हणाल्या, "हा दात काढावाच लागेल. शनिवारी या."

फुंकर "बरं" म्हणून बाहेर पडला आणि जिन्यातच थबकला. दात?

"विचारायचं नाही का तिथंच?" बायको म्हणाली.

"तोंड उघडं ठेवायला सांगितलं होतं. उघड्या तोंडानं काय विचारू?"

"एरवी काही अडत नाही तुमचं. नक्की काय म्हणाल्या त्या? दात की दाढ?"

"दात."

"मग दातच. एवढ्या शिकलेल्या बाईला दात आणि दाढ यातला फरक कळत नसेल होय?"

"आणि दाढ दुखतेय त्याचं काय?"

बायकोनं त्याच्या हातावर लवंग ठेवली.

तालमीच्या खोलीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. "फुंकर, दात काढणार म्हणे! आम्ही तर रोजच काढतो," ड्रमवाला म्हणाला आणि सगळ्यांनी दात काढले. बँडमास्तर हसले नाहीत. "पुढचा गेला तर पकड गेली. मग पहिली खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल, बाबा. शनिवारी काय ते कळव."

तोवर फुंकर आरशासमोर उभा राहून दात हलवून बघे. कालच्यापेक्षा जास्त हलतोय की कमी, हेही त्याला ठरवता येईना.

शनिवारी बाईंनी इंजेक्शन उचललं आणि ते खालच्या जबड्याकडे, पार मागे नेलं. फुंकरनं त्यांचा हात धरला आणि पुढच्या दाताकडे बोट केलं.

"तो? तो कशाला काढायचा?"

"तुम्हीच म्हणालात ना, दात काढायचा!"

"हो, हाच की. मागचा."

"ती दाढ आहे!"

बाईंनी इंजेक्शन खाली घेतलं. "आमच्या बोलण्यात सगळे दातच असतात हो."

"पण हलतोय तो पुढचा. दाढ तर खुंटीसारखी घट्ट आहे."

"घट्ट असली तरी मुळापर्यंत चिरली आहे. आत जंतू जातात, हाड खातात. अशी चीर सांधता येत नाही. नुसती कीड असती तर मूळ साफ करून वाचवली असती. पुढच्याची हिरडी सुजली आहे, पण खाली हाड पुरेसं आहे. साफ करू, शेजारच्या दातांना तारेनं बांधू. टिकेल."

"म्हणजे हलतो तो ठेवायचा आणि घट्ट आहे ती काढायची?"

"बरोबर."

फुंकरला ते बरोबर वाटलं नाही, पण त्यानं तोंड उघडलं.

बाहेर आला तेव्हा अर्धा जबडा बधिर होता आणि दातांखाली कापसाची गुंडाळी. जीभ आधी पुढच्या दाताकडे गेली. होता. मग मागे गेली आणि खड्ड्यापाशी अडखळली. तेवढ्यात बँडमास्तरांचा फोन आला.

"काय रे, गेला का दात?"

"दाअ," फुंकर म्हणाला. जीभ वर वळेना. "दाअ! दाअ!"

"दात? अरेरे. मग मी खुर्चीचं—"

सोबत आलेल्या बायकोनं फोन हिसकावला. "दात नव्हे हो मास्तर! ढ! ढ!"

"वहिनी, ढ कुणाला म्हणताय?"

"तुम्हाला नाही हो, दाढ गेली! पुढचे दोन्ही दात आहेत जागच्या जागी. खड्डा भरेपर्यंत फुंकायचं नाही, एवढंच."

"मग एवढे दिवस हा दात दात काय करत होता?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खांदे उडवले.

"ते त्यांनाच विचारा," ती म्हणाली, "तोंड उघडलं की. खुर्ची तेवढी कुणाला देऊ नका."

"नाही देत," मास्तर म्हणाले. "पण हलत होता तो पुढचा दात ना? मग दाढ काढली कशाला?"