नंबर घासलेला मुद्देमाल

शिमगा जवळ आला की आंबेनळी घाटाखालच्या एका पडवीत घडलेली ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. त्या काळी पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक पोलादपूर तालुक्यात होती.

एका वाडीच्या देवळातून ॲम्प्लिफायर नाहीसा झाला होता. कडीकोयंडा शाबूत, दानपेटी जागच्या जागी. देवस्थान समितीच्या अध्यक्षांनी फिर्याद दिली, चोरीचा गुन्हा दाखल झाला. देवाची पालखी घरोघरी निघायला थोडेच दिवस उरले होते. मुंबईकर मंडळी गावी येणार आणि देवळात आवाजच नाही, म्हणून वाडी अस्वस्थ होती.

मग ठाण्यात निनावी फोन आला. "त्या बँकवाल्या काकींच्या घरी बघा. पार्टांनी डबे भरलेत. सगळ्यांचे नंबर घासलेत."

या काकी मुंबईत बँकेत अधिकारी होत्या. निवृत्तीनंतर नवऱ्यासह सासरच्या वाडीत कायमच्या राहायला आल्या होत्या. भंगारातले, ओळख पुसलेले इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जमवायचे आणि ते काय आहेत हे शोधून काढायचे, हा त्यांचा छंद. आमच्या हवालदारांना यात छंद दिसला नाही. "साहेब, चोरीच्या मोटारसायकलचा चेसिस नंबर घासतात ना? मंग ह्यात येगळं काय हाय?" ठाण्यात कोणालाच वेगळे वाटले नाही. नंबर घासला म्हणजे माल चोरीचा, हे आमच्या हाडीमाशी भिनलेले असते.

महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला शिपाई, हवालदार, दोन पंच, फिर्यादी अध्यक्ष आणि वस्तू ओळखण्यासाठी देवळाचे गुरव, असे आम्ही त्यांच्या घरी गेलो.

पडवीत डबे ओळीने मांडलेले होते. एका डब्यात ॲल्युमिनियमचा पन्हाळीदार तुकडा निघाला. उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो ॲम्प्लिफायरच्या मागे बसवतात. त्यावर चार ट्रान्झिस्टर स्क्रूने बसवलेले होते, चारही घासलेले. पन्हाळीत कुंकू होते.

"आमचाच," अध्यक्ष म्हणाले. "दसऱ्याला मीच पूजा केली." गुरवांनी खाली बघत मान हलवली.

"महाडच्या दुरुस्तीवाल्याकडून किलोवर घेतलंय," काकी म्हणाल्या. हवालदारांनी तिथूनच त्याला फोन लावला. "असला माल माझ्याकडं नव्हताच," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

"आता गावकी बसंल," अध्यक्ष म्हणाले. "पालखी ह्या दारात यायची नाय."

काकींचा चेहरा उतरला. नोकरीच्या काळात शिमग्याला त्यांना कधी रजा मिळाली नव्हती. दरवर्षी पालखी त्यांच्या बंद दारावरून पुढे जायची. यंदा प्रथमच दार उघडे असणार होते. "तरी सांगत होतो, भांडी जमव," त्यांचे यजमान पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा हो. साहेब, याला मीटर लावून बघू?"

पंचनाम्यात तशी नोंद घेऊन मी परवानगी दिली. त्यांनी मीटरच्या दोन सुया ट्रान्झिस्टरच्या पायांना टेकवल्या. टूं असा आवाज आला. सुया उलट्या केल्या, पुन्हा टूं. "दोन्हीकडून वाजतोय, म्हणजे आतून जळलाय." बाकीचे तीनही तसेच निघाले. "हे नंबर ॲम्प्लिफायर बनवणाराच घासतो, साहेब. दुसऱ्यानं नक्कल करू नये आणि दुरुस्तीला त्याच्याकडंच यावं म्हणून." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "भाऊजी, ॲम्प्लिफायर शेवटचा कधी वाजला?"

"शिवरात्रीला. एकदम ठणठणीत."

"म्हणजे तो त्यानंतर जळला. झेपत नसताना जास्त स्पीकर जोडले की चारही असे एकदम जातात. चोर काय वाजवून बघायला घेऊन गेला होता?"

हवालदारांनी डोके खाजवले. "शिवरात्रीनंतर हळद एकच झाली. आपल्या गुरवमामांच्या भाचीची. केवढे बॉक्स लावलेले. ऐन नाचात आवाज बंद झाला."

"तुम्ही नाचत होता?" महिला शिपायाने विचारले.

"ते नको लिहू गो."

सगळ्यांच्या नजरा गुरवांकडे गेल्या. ते पायरीवर बसले. "देवाची वस्तू भाचीच्या हळदीला लागली तर देव काय बोलणार नाय, असा वाटला. जळल्यावर काय करू? दुरुस्तीवाल्याला शपथ घातली, कोणाला सांगू नको. शिमग्याच्या आधी गपचूप आणून ठेवणार होतो. पण त्याच्या आधीच अध्यक्ष पोलिसांत गेले."

"मला एक शब्द बोलला असतास तर?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमी बोलू कुठं देता?"

पहिल्यांदा काकी हसल्या, मग पडवी हसली. हसायची परवानगी नसलेले आम्हीही हसलो.

महाडच्या दुकानात ॲम्प्लिफायरचा रिकामा डबा मिळाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "नंबरच नाय, तर बाजारात काय मागू? म्हणून आतला जळका भाग भंगारात टाकला." न्यायालयाच्या आदेशानुसार वस्तू समितीकडे सुपूर्द केली. काकींनी कोणता पाय कशाचा, किती भार झेपेल, हे मोजून काढले आणि आपल्या डब्यांतून जोडीचे चार ट्रान्झिस्टर निवडले. दुरुस्तीवाल्याने पडवीत येऊन ते डाग देऊन बसवले. चोरी घडलीच नव्हती, फिर्याद गैरसमजातून झाली होती. म्हणून आम्ही तपास बंद करण्यासाठी न्यायालयात 'क' समरी पाठवली.

गावकीने गुरवांना एकच शिक्षा केली. काकींच्या दारात पालखी थांबेल तेव्हा त्यांनी त्या घरासाठी माईकवरून देवाला गाऱ्हाणे घालायचे, साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असे. बंदोबस्ताला मी होतो. उघड्या दारात काकी ओटी भरत होत्या, आणि गुरवांचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत येत होता.

फिर्यादीत 'चोरीस गेली' असे लिहिलेले असते. त्या शिमग्यानंतर मी ते 'जागेवर नाही' असे वाचायला लागलो, आणि वस्तू कोणी नेली याआधी ती शेवटची कोणी वापरली, हे विचारायला लागलो. त्या प्रश्नाने पुढच्या नोकरीत बऱ्याच वस्तू चोरावाचूनच घरी परतल्या.