कर्नलची बायको

मी मोटर इन्शुरन्सच्या क्लेम्स विभागात काम करतो. दुबईत रोज कुणी ना कुणी मला छातीवर हात ठेवून सांगतं की गाडी उभी होती आणि खांब येऊन धडकला. तेव्हा अशा ‘विलक्षण अनुभव’ सदरांतले किस्से मी आजवर कुठल्या नजरेनं वाचत आलो असेन, ते तुम्ही ओळखालच. वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हटलं की माझा पहिला प्रश्न — हेडलाइट चालू होते का? भुताखेतांशी माझं वैर नाही. फक्त त्यांची कागदपत्रं नेहमी अपुरी असतात.

आज मीच क्लेम घेऊन आलोय... आणि टेबलाच्या पलीकडे मी असतो तर तो नामंजूर केला असता, हे आधीच कबूल करतो.

आम्ही अल कुसैसला राहतो. शारजाच्या हद्दीला इतकं लागून, की बाल्कनीतून दिसणारा ट्रॅफिक जाम शारजाचा असतो आणि ऐकू येणारे हॉर्न आमचे. घरात मी, बायको मृणाल आणि तेरा वर्षांची ईरा. गेल्या जूनमध्ये पुण्याहून आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. अण्णांची त्याआधीच्या हिवाळ्यात अँजिओप्लास्टी झाली होती. ते स्वतः ठणठणीत होते. मीठ कमी खायचे आणि तक्रार जास्त करायचे, एवढाच फरक. बरी नव्हती ती आई. ते दुपारी डुलकी घ्यायला लागले की ती कामाचं निमित्त काढून जवळ जायची आणि नाकाखाली बोट धरून बघायची. बोटाला श्वास लागला की पुन्हा स्वयंपाकघरात. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

अण्णांचं आणि माझं एक समाईक व्यसन आहे — जुने ब्रिटिश रहस्यपट आणि मालिका. देश सोडून चाललेल्या एका इंग्रज कुटुंबानं सामान विकायला काढलं होतं, त्यांच्याकडून मी डीव्हीडींचा अख्खा खोका आणला होता. बहुतेक कृष्णधवल. प्रचंड मोठं घर, घरात दहा खोल्यांमागे एक माणूस, आणि तरीही खून करायला यांना लायब्ररीच सापडते. प्रेत गालिच्यावर, पण चहा वेळेवर. खुनी पकडला गेला की आधी टाय नीट करतो. कुणी आरडाओरडा करत नाही. इन्स्पेक्टर अटकसुद्धा माफी मागून करतो. हा सगळा थाट मला हास्यास्पद वाटतो आणि मी एक मिनिट चुकवत नाही. सबटायटल्स मात्र लागतात. ही बडी मंडळी तोंडात विडा धरल्यासारखी बोलतात.

तो शनिवार होता आणि वटपौर्णिमा होती.

आमच्या भागातल्या मराठी महिला मंडळानं सकाळी सोहळा ठेवला होता. सोहळाच म्हणायचं, कारण बॅनर होता, फोटोग्राफर होता आणि साडीचा रंग ठरलेला होता. नर्सरीतून आणलेली वडाची फांदी प्लास्टिकच्या कुंडीत खोचली होती. अध्यक्षा कुलकर्णी मॅडमनी माइकवरून वडाचं महत्त्व सांगितलं. मी आईला आणायला गेलो तेव्हा ती दाराशी एकटीच उभी होती. हातात सुताची गुंडी, तशीच, न सोडलेली.

“झाली पूजा?”

“कसली पूजा? फांदी तोडायची, म्हणजे झाड मारायचं, आणि त्याच्याकडे नवऱ्याचं आयुष्य मागायचं? देईल तो?”

“आई, हे दुबई आहे. इथे एवढं मिळालं तेच खूप.”

“यंदा मला खरा वड हवा होता रे,” ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

घरी अण्णांनी स्वागत केलं. “झालं का सात जन्मांचं कॉन्ट्रॅक्ट? रिन्यूअलला माझी सही कधी घेणार?”

एरवी आई ताडकन उत्तर देते. त्या दिवशी ती सरळ आत गेली. तिनं डायबेटिसची गोळी घेतली आणि उपास म्हणून काही खाल्लं नाही. हे मला नंतर कळलं.

दुपारी जेवणं झाली. मृणाल एका क्लिनिकमध्ये काम करते, तिची शनिवारची ड्यूटी होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, हॉलचे पडदे ओढलेले, एसी सुरू. मी एक डिस्क लावली. अण्णा आरामखुर्चीत, ईरा जमिनीवर उशी घेऊन. पहिल्या पाच मिनिटांत अण्णांचे डोळे मिटले.

“मी जरा खाली जाऊन येते,” आई म्हणाली.

“हं,” मी म्हणालो. मान वळवली नाही. पडद्यावर नुकताच खून झाला होता.

सिनेमा ठीक होता. खेड्यातली हवेली, बाहेर धुकं, चोरीला गेलेला हार आणि तीन माणसं एकाच बाईच्या प्रेमात. बऱ्याच वेळानं इन्स्पेक्टर शेजारच्या एका म्हाताऱ्या कर्नलच्या घरी चौकशीला येतो. हॅट हातात धरून उभा राहतो. आणि बोलतो. सबटायटल्स अर्थातच इंग्रजी होती, मी मराठीत सांगतो —

‘कर्नल, तुमच्या पत्नी घरात नाहीत.’

कर्नल हातातला पाइप खाली ठेवतो.

‘त्या वडाकडे गेल्या आहेत.’

मी हसलो. “इंग्लंडात वड? सबटायटल लिहिणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय.”

“मेबी ही वॉज इन इंडिया, बाबा,” ईरा म्हणाली. “कर्नल आहे ना तो.”

मुद्दा बरोबर होता. मी मान डोलावली. पडद्यावर इन्स्पेक्टर थोडा वळला. तो आमच्याकडे बघत होता, असं मी म्हणणार नाही. ईरा म्हणते.

‘तिथे आता वड नाही,’ तो म्हणाला. ‘त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. निघा.’

ईरानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

“बाबा... व्हेअर इज आजी?”

मी आईला फोन लावला. तो देवघराच्या फळीवर वाजला.

बिल्डिंगखालच्या ग्रोसरीतला केरळी दुकानदार आईला ओळखतो. ती त्याच्याशी कढीपत्त्यावरून रोज भांडते.

“अम्मा तो टॅक्सी में गया, सर. बहुत टाइम हो गया.”

“किधर गया?”

“वो मालूम नहीं. मेरे को पूछा, इधर बड का झाड किधर है. मैं बोला, अम्मा, इधर खजूर है, नीम है, बड किधर से आएगा?”

मी मृणालला फोन केला, आईनं सकाळपासून काही खाल्लेलं नसावं असं सांगितलं. तिनं माझ्यासारखा वेळ घालवला नाही. “गोळी तर त्या कधी चुकवत नाहीत, आणि वर उपाशी? या उन्हात? अरे, शुगर एकदम खाली जाईल, बोलताही येणार नाही त्यांना. ज्यूस घे बरोबर. मी पोलिसांना फोन करते. कुठल्या पार्कमध्ये गेल्या असतील?”

दुबईत पार्क काय कमी आहेत? कुठून सुरुवात करायची तेच सुचत नव्हतं. मी ग्रोसरीच्या दारात हातात ज्यूसचे डबे घेऊन नुसता उभा होतो. ईरा माझ्यामागे चप्पल न घालताच खाली आली होती, तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

“बाबा, ही सेड देअर इज नो ट्री नाऊ.”

“ईरा, तो सिनेमा आहे!”

“लिसन ना! रोल्ला! अरबीत रोल्ला मीन्स बॅनियन. स्कूलमध्ये केलंय आम्ही. शारजात खूप जुना वड होता, इट डाइड. आता फक्त मॉन्युमेंट आहे.”

मी तिला वर पाठवलं. अण्णा झोपलेत तर झोपू दे, उठलेच तर आजी शेजारी गेलीय म्हण, असं बजावलं. आणि गाडी काढली.

त्या रस्त्याबद्दल काय सांगू? शारजाकडे जाणारी प्रत्येक लेन भरलेली, गाड्या इंचाइंचानं सरकत होत्या. शेजारच्या सीटवर ज्यूसचे डबे. आणि डोक्यात एकच — मी कशाच्या भरवशावर निघालोय? एका मेलेल्या नटाच्या तोंडच्या वाक्यावर? आई दुबईतल्या कुठल्या बागेत पडली असेल तर मी तिच्यापासून लांब चाललोय... दर मिनिटाला लांब. दोनदा यू-टर्न दिसला. दोनदा इंडिकेटर लावला आणि बंद केला. मागचा माणूस हॉर्न वाजवून थकला. मृणालचा फोन पहिल्याच रिंगला उचलायचो. “काही कळलं?” “नाही. तुला?” “नाही.”

रोल्ला म्हणजे दुकानांची गर्दी, पण त्या उन्हात माणसं सावली धरून भिंतीलगत चालत होती. चौकात वडाचं ते स्मारक आहे. वडाचा आकार आहे, वड नाही. त्याच्या पायथ्याशी जी काय पट्टीभर सावली होती तीत आई बसली होती. घामानं निथळत होती, हात थरथरत होते. मांडीवर सुताची गुंडी आणि गुंडीतून निघालेला दोरा स्मारकाभोवतीच्या कठड्याकडे गेलेला.

“आई!”

तिनं वर पाहिलं. ओळखायला वेळ लागला. “किती फेऱ्या झाल्या आठवेना,” ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

“हे पी आधी.”

“उपास...”

“संत्र्याचा रस आहे. फळ आहे. चालतं.”

“साखर असेल त्यात.”

“आहे! म्हणूनच पी!”

ती प्यायली. दुसराही प्यायली. मी तिला गाडीत आणून एसी पूर्ण सोडला, मृणालला कळवलं, आणि तिनं सांगितलं तसं तिच्या क्लिनिककडे निघालो. वाटेत कधीतरी आईच्या आवाजात पुन्हा धार आली.

“त्या कुलकर्णीबाई माइकवर म्हणाल्या ना, रोल्ला म्हणजेच वड. पण आता नाहीये, हे नाही सांगितलं. वडाच्या नावाचं गाव आणि वडच नाही? मग नाव तरी बदला म्हणावं!”

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. इथे एखाद्याची गोष्ट संपली असती.

पण मी क्लेम्सवाला. दुसऱ्या दिवशी ईराला बरोबर घेऊन तीच डिस्क पहिल्यापासून लावली. कर्नल आला. इन्स्पेक्टर आला, हॅट हातात. त्यानं बंदुकीच्या कपाटाची किल्ली मागितली. कर्नलनं दिली. इन्स्पेक्टर गेला. वड नाही, उपास नाही, काही नाही. सबटायटल्स लावून पाहिलं, काढून पाहिलं. आणि पुढे एका प्रसंगात कर्नल स्वतःच सांगतो की त्यानं कधी लग्न केलं नाही. त्या सिनेमात कर्नलला बायकोच नाही.

“आय नो व्हॉट आय रेड, बाबा,” ईरा म्हणाली. ती आता आमच्याबरोबर हे सिनेमे बघत नाही.

मी स्वतःची उलटतपासणी केली. सकाळपासून वडाचंच बोलणं चाललं होतं, ते डोक्यात असणार. आई बाहेर गेलीय, बराच वेळ झालाय, हे मनानं टिपलं असणार. डुलकी लागली असणार. हे सगळं मी मान्य करायला तयार आहे. पण दोन माणसांना एकच डुलकी, आणि तीत शब्दन् शब्द तीच वाक्यं?

अण्णांना आम्ही सिनेमाचं काहीच सांगितलं नव्हतं. तीन-चार दिवसांनी ते चहा पुढ्यात घेऊन बसले होते आणि पीत नव्हते.

“तुला एक सांगू का? हसू नकोस. त्या दिवशी तुम्ही सिनेमा बघत होतात ना, मध्येच हिनं हाक मारली मला. ‘अहो’ म्हणून. त्या सिनेमाच्या आवाजातूनच आली हाक. मला वाटलं स्वयंपाकघरातून बोलावतेय. मी झोपेतच ‘हो’ म्हटलं आणि पडून राहिलो.” त्यांनी कप सरकवला. “उठायला हवं होतं रे.”

आमच्या घरात अण्णांना ‘अहो’ म्हणणारं एकच माणूस आहे.

पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी आई बॅग भरत होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि ऑफिसात विचारतो तसं, अगदी सहज विचारलं, “रोल्ल्यात चक्कर आली तेव्हा कुणाला हाक नाही मारलीस? आजूबाजूला माणसं होती की.”

“मारली ना. यांना मारली.”

“अण्णांना? आई, अण्णा घरी होते.”

“माहितीये मला. वेडी नाहीये मी.” तिनं साडी झटकून पसरली. “डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडातून ‘अहो’ निघालं. हे ‘हो’ म्हणाले. मग म्हटलं, आहेत. मग बसून राहिले.”

रोल्ल्यापासून आमच्या हॉलपर्यंत मध्ये काय काय आहे ते मी त्या दिवशी इंच इंच पाहिलंय. हे कसं झालं, मला माहीत नाही. मी साडीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून घडी घातली.