टिटवीचा बांध

पेणच्या मिठागरावर मी टेम्पो घेऊन मीठ भरायला जातो. तिथला मुकादम बोलतो कमी, ओरडतो जास्त. "चला गो, ऊन चढलं!" पाट्या वाहणाऱ्या बायकांमागे त्याचा हाच धोशा.

यंदा त्यानेच जवळच्या बांधावर काटक्या रोवून वाट बंद केली. तिथं उघड्या मातीत टिटवीची चार अंडी होती. फेरा लांबला, बायका कुरकुरल्या, तशी त्याने स्वतःच पाटी उचलली. मीही कुरकुरलो. तो ओरडला, "तुझा टेम्पो घटकाभर थांबंल. त्या अंड्यांना पाय हायत काय?"

रोज तो काटक्या बघायला जातो आणि टिटवी किंचाळत त्याच्याच डोक्यावर झेपावते. काल मला हसू आलं. मान खाली घालून तो हळूच म्हणाला, "तिला मीच चोर वाटतो. वाटू दे. सावध हाय, तेच बरं."