कुठला टन?

माझ्या बाबांना बोटींच्या यार्डात सगळे ‘कुठला टन’ म्हणायचे, आणि तेही तोंडावर. बाबा तिथे एकोणतीस वर्षं क्रेन चालवत होते. दुरुस्तीला आलेली बोट पाण्यातून उचलायची, धक्क्यावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची, काम झालं की परत पाण्यात सोडायची. कोणी येऊन म्हणालं, “बारा टनांची आहे, उचला,” की बाबा केबिनमधून विचारायचे, “कुठला टन?”

नवख्या माणसाला तो तिरसटपणा वाटायचा. टन म्हणजे टन, त्यात कुठला नि कसला? मग बाबांची गाडी सुरू व्हायची. हजार किलोंचा तो आपला टन. जुन्या यंत्रांच्या पाट्यांवर असतो तो त्याहून सोळा किलोंनी मोठा. काही देशांत चालतो तो त्र्याण्णव किलोंनी लहान. हे तिघे सख्खे भाऊ, उंचीचा काय तो फरक. पण बोटीच्या नोंदणीच्या पुस्तकात लिहितात त्या टनाचं या तिघांशी फक्त आडनाव जुळतं. तो वजनाचा टनच नाही. बोटीच्या पोटात जागा किती, ते सांगणारं माप आहे ते. पूर्वी म्हणे जहाजात किती पिंपं मावतात ते मोजायचे, आणि त्या पिंपाचं नाव जागेला चिकटलं ते चिकटलंच. म्हणून पुस्तकात अठरा टन लिहिलेली बोट हुकाला लावली की तीस टनही भरते आणि चाळीसही. “आणि क्रेनला वाचता येत नाही,” बाबा शेवटी म्हणायचे, “तिला फक्त वजन कळतं.”

मी एसी दुरुस्तीच्या दुकानात लागले तेव्हा तर त्यांना खाऊच मिळाला. पहिल्याच दिवशी मी घरी सांगितलं की आज दीड टनाचा एसी बसवला.

“दीड टन,” बाबा म्हणाले. “कसा नेला वर?”

“खांद्यावरून. आम्ही दोघं होतो.”

“वा. माझी क्रेन विकून टाकायला सांगतो.”

मी चिडून दोन दिवस पुस्तकं धुंडाळली आणि त्यांना उत्तर आणून दिलं. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढं काम करणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो बर्फ कुठल्या टनाचा?” हेही मी बघून ठेवलं होतं. म्हटलं, “धाकट्या.” शाळेच्या कुठल्याही निकालावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं नव्हतं ते त्या दिवशी दिसलं. तेव्हापासून ते मला मिस्त्री म्हणायला लागले.

आता काकांबद्दल सांगायला हवं, आणि तिथे माझी जीभ कडू होते. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे त्यांना बाबांनीच वाढवलं. शाळा सुटली की काका क्रेनच्या केबिनमध्ये बसून गृहपाठ करायचे. पाण्यातली बोट हलकी का लागते हे बाबांनी त्यांना बादली देऊन शिकवलं होतं. भरलेली बादली हौदात बुडवायची, मग वर ओढायची. पाण्यात असते तोवर करंगळीने हलते, काठावर आली की खांदा उतरवते. पुढे यार्डात काकांना कामाला लावलं तेही बाबांनीच. काका हुशार, बोलायला गोड. दहा वर्षांत ते धक्क्याचे सुपरवायझर झाले आणि नात्याने धाकटे असूनही हुद्द्याने बाबांच्या वर बसले. बाबांना त्याचं कौतुकच होतं. नाकापेक्षा मोती जड, असं आई एकदा म्हणाली तर तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

यार्डात बाबांनी घालून दिलेली एक रीत होती. उचलायच्या प्रत्येक बोटीच्या नाकाजवळ सुपरवायझरने खडूने टनांचा आकडा लिहायचा. काट्यावर वजन केलेलं असेल तर पांढऱ्या खडूने. आकडा नुसता पुस्तकातला, म्हणजे जागेचा असेल तर निळ्याने. निळा आकडा असलेली बोट काटा येईपर्यंत उचलायची नाही. आणि पांढरा दिसला तरी बाबा केबिनमधून ओरडणार, “कुठला टन?” मग खालून सुपरवायझरने ओरडायचं, “वजनाचा.” त्यानंतरच हुक वर जायचा.

काटा यार्डाचा स्वतःचा नव्हता. मोठ्या गोदीतून मागवावा लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई. त्या दिवशी मासेमारीची एक लोखंडी बोट दुपारपर्यंत वर घ्यायचं काकांनी तिच्या मालकाला कबूल केलं होतं. सकाळी बोटीवर आकडा होता अठरा, पांढऱ्या खडूने. बाबांनी विचारलं, “कुठला टन?” काका खालून म्हणाले, “वजनाचा.”

बोटीचं खरं वजन चौतीस टन होतं, हे नंतर कळलं. क्रेनचा हात तेवढा लांबवला की तिची ताकद पंचवीस टनांची. तळ पाण्यात होता तोवर काही जाणवलं नाही. बोट पाण्याबाहेर आली आणि क्रेनचे मागचे पाय जमिनीवरून सुटले. केबिनचं दार उघडं होतं, बाबा उडी मारू शकले असते. ते बसून राहिले आणि बोट खाली सोडत गेले, म्हणून क्रेन उलटली नाही. बोट धक्क्याच्या कडेवर आपटली, तिची एक बाजू फाटली. खाली दोरी धरणाऱ्या माणसाच्या पायाची दोन बोटं गेली. सगळे त्याला घेऊन दवाखान्यात धावले. अर्धा तास धक्क्यावर काका एकटेच होते.

चौकशीच्या लोकांनी संध्याकाळी फोटो काढले. त्यात आकडा निळा आहे.

त्याच दिवशी, फोटोवाले यायच्या आधी, काका आमच्या घरी आले होते. बाबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “मी आहे ना दादा,” म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. कप उचलताना आई थांबली. पांढऱ्या कपाच्या कानाला निळा डाग होता. तिने तो कप न विसळता फडताळात वरच्या फळीवर ठेवला.

चौकशीला तीन आठवडे होते. आई रोज म्हणायची, “अहो, कप घेऊन जा. दाखवा त्यांना.” बाबा म्हणायचे, “कप दाखवू? सुतावरून स्वर्ग गाठायला ते काय रिकामे बसलेत?” आणि खरंच, काका दिवसभर दोन्ही खडू हाताळायचे. निळा डाग कुठल्याही बोटीचा असू शकला असता. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी कामावरून आले तर बाबा मोरीत उभे राहून तो कप घासत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ, मिस्त्री. सांगेल तो उद्या. मी वाढवलाय त्याला.” कप धुऊन त्यांनी पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला मी बाबांबरोबर गेले. काकांनी सांगितलं, “निळाच होता. मी स्वतः लिहिला होता. दादाला मी काटा येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं.” केसाने गळा कापणे म्हणतात ते मी त्या खोलीत पाहिलं. बाबा काकांकडे नुसते बघत राहिले, जणू हा कोण माणूस ते आठवत नव्हतं. बाकीचे कामगार म्हणाले की रंग बघणं क्रेनवाल्याचं काम, आणि इंजिनाच्या आवाजात कोण काय ओरडलं ते ऐकू आलं नाही. कोणीतरी विचारलं, चष्मा कधीपासून लागला? बाबा म्हणाले, गेल्या वर्षी. तिथेच निकाल लागला. बाबांचा परवाना कायमचा रद्द झाला.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण काकांना शिव्या घालायच्या तर स्वतःला सोडून कसं चालेल? महिनाभराने एकदा जेवताना कशावरून तरी वाद झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी विचारलं, “बाबा, खरंच पांढराच होता ना?” बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून हात धुतला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. माझा विश्वास होता त्यांच्यावर. नव्वद टक्के होता, म्हणू या. ते उरलेले दहा त्यांना दिसले, आणि परवाना गेला तेव्हा बसला नसेल एवढा वार त्यांना तिथे बसला. मी माफी मागितली. “असू दे,” म्हणाले. तेव्हापासून त्यांनी मला मिस्त्री म्हणणं सोडलं.

घरी बसून माणूस कुजतो म्हणून मी मालकांना सांगून त्यांना आमच्या दुकानात घेतलं, माझ्या हाताखाली. एकोणतीस वर्षं बोटी उचललेला माणूस चौपन्नाव्या वर्षी भिंतीला भोकं पाडायला आणि पाइप वाकवायला शिकला. चांगलं शिकला. जिने चढताना एसी खांद्यावर घ्यायचा हट्ट तेवढा सोडत नसे. पण यात दोन वर्षं गेली आणि त्यांच्या तोंडून ‘कुठला टन’ हे शब्द काही आले नाहीत. ग्राहक दीड टन म्हणोत की दोन, ते मान डोलवायचे आणि कामाला लागायचे.

मग यार्डातून काम आलं. नव्या मॅनेजरच्या केबिनमध्ये दोन टनांचा एसी बसवायचा होता. नवा मॅनेजर कोण ते आम्हाला ठाऊक होतं. मी मालकांना नाही सांगायला निघाले होते, तर बाबा हत्यारांची पेटी उचलून गाडीत ठेवत होते. “काम आहे,” एवढंच म्हणाले.

केबिन पहिल्या मजल्यावर, खिडकी थेट धक्क्यावर उघडणारी. आम्हाला बघून काका उभे राहिले, मग काय करावं ते न सुचून परत बसले. “दादा, मला सांगायचंस, मी दुसऱ्या कोणाला...” असं काहीतरी पुटपुटले. बाबांनी खिडकीवरची जागा मोजली, खुणा केल्या. तासभर आम्ही भोकं पाडत होतो. काका समोर कागद घेऊन बसले होते आणि पान उलटत नव्हते.

बाबा स्टुलावर चढून पट्टी कसत होते तेव्हा खाली क्रेनचं इंजिन सुरू झालं. माझ्याही नकळत मी कान दिला. हुक खाली आला, बोटीखालून पट्टे गेले, ते ताणले गेले. कोणी काही विचारलं नाही. बोटीच्या नाकाजवळ मला कुठल्याच रंगाचा आकडा दिसला नाही. ती रीतच मोडीत निघाली होती.

बाबा स्टुलावरून उतरले. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली आणि पूर्वीच्या आवाजात खाली ओरडले, “कुठला टन?”

सगळा धक्का थांबला. पट्टे बांधणारा वर बघायला लागला. क्रेनवाला नवीन होता, तरी त्याने ब्रेक लावला आणि केबिनमधून डोकं बाहेर काढलं. बाबांनी पुन्हा विचारलं. खालचे सगळे मॅनेजरच्या खिडकीकडे बघू लागले.

काका खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. बाबांच्या पाठीमागे येऊन ते हळू आवाजात म्हणाले, “दादा, उचलू दे त्यांना. या वेळी खरंच केलंय वजन.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. मी हातातला पाइप खाली ठेवला. मी तोंड उघडणार होते, माझ्याकडे दोन वर्षांचं साठलेलं होतं, पण बाबांनी हाताने मला थांबवलं. काकांकडे ते वळलेही नाहीत. खिडकीतून खाली वाकून त्यांनी क्रेनवाल्याला सांगितलं, “वजनाचा आहे म्हणतात. पण तू खाली उतर आणि काट्याचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघ.” क्रेनवाला खरंच उतरला.

बाबा परत स्टुलावर चढले आणि राहिलेले दोन स्क्रू कसले. मी एसी चालू करून दाखवला, कागदावर काकांची सही घेतली. सही करताना त्यांनी एकदा “दादा” म्हटलं. बाबा पेटीत हत्यारं भरत होते, ते भरत राहिले.

गाडी यार्डाच्या फाटकाबाहेर आली. मग बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

“ऐकलंस ना, मिस्त्री?”

“ऐकलं, बाबा.”

“बास,” ते म्हणाले. “पुढचं काम कुठे आहे?”