बोनेटखाली काही ऐकू येईना

मंचरच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे मामांचं. मामा नात्याने माझे कुणी नाहीत. आठवीतून शाळा सोडून मी नांदेडकडून इकडं आलो, तेव्हा त्यांनी ठेवून घेतलं. मामींनी त्याच दिवशी माझं ताट घरच्यांच्या पंगतीत मांडलं. मागची खोली अजून माझीच आहे. इतकी वर्षं झाली तरी गिऱ्हाइकं मला 'पावणं'च म्हणतात, त्याचं काही नाही. पण हे शटर कायमचं खाली आलं तर मी कुठं जायचं, ही भीती पहिल्यापासून उशाशी आहे.

आमच्याकडं एक रीत होती. कुणी नवी गाडी घेतली की शोरूममधनं देवाला आणि देवावरनं मामांकडं. मामा इंजिन चालू करायला सांगायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मुठीला कान लावून डोळे मिटायचे. गडबड करणारी पोरंही गप्प व्हायची. मग मामा म्हणायचे, "बरं हाय." तेवढं झालं की पेढे निघायचे, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांवरनं पुढं घ्यायची. ती गाडी पुढं कधी कुरकुरली तर आमच्याच दारात यायची. त्या दोन शब्दांवर आमची चूल होती.

बाजारातल्या एका कांद्याच्या आडतदारांनी इलेक्ट्रिक गाडी आणली, तेव्हाही तसंच व्हायचं होतं.

"लावा कान, भाऊ," ते आतूनच म्हणाले.

मामांनी बोनेट उचललं. आत बंद झाकणं, जाड नारिंगी केबली आणि विजेच्या खुणेचं पिवळं स्टिकर.

"चालू करा."

"चालूच हाय की राव!"

सगळे हसले. मामा जरा उशिरा हसले. केबली चुकवून त्यांनी एका झाकणाला टोक टेकवलं. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "रंग लई बेस हाय."

लिंबं ठेवली. पुढचं एक घरंगळलं. मामा खाली बसले आणि नेहमीसारखं हातानं ते चाकाखाली सारायला लागले. चालू गाडी आम्ही कानानं ओळखतो. मान खाली घालून काम करणाऱ्याला दुसरं काय असतं? आडतदार मागं वळून बायकोला काहीतरी सांगत होते, ब्रेकवरचा पाय सैल पडला असणार. आधी लिंबू फुटल्याचा आवाज आला. मग मामांचा.

दोन बोटं चिरडली. तुटली नाहीत, पण वळायची थांबली.

पुढं आडतदार फळं घेऊन भेटायला आले. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "चूक माझीच, भाऊ. मला रात्री झोप न्हाय."

"जाऊ द्या. गाडी कशी हाय?"

तसा त्यांचा चेहरा उजळला. "लोण्यावानी पळती! पंपाकडं बघायचं काम न्हाय. आता खडीच्या रस्त्याला डॅशबोर्ड खडखडतोय, दाराच्या रबरातनं धूळ येती. परवा तर स्क्रीन मधीच काळी पडली, मी देवाचं नाव घेत घरी आलो. पण आता जुनी गाडी हातात धरवत न्हाय."

"सर्व्हिसला काय करत्यात?"

"पुण्याला न्यायची. लॅपटॉप जोडत्यात, चहा पाजत्यात, धुऊन देत्यात."

"ऑइल?"

"इंजिनच न्हाय तर ऑइल कशाचं?"

"प्लग?"

"न्हाय."

"क्लच, सायलेन्सर?"

"न्हाय हो."

मामा एकेक नाव सावकाश घेत होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. मी चहा गाळत होतो. त्यांनी आता थांबावं असं मला वाटत होतं. मामींनी कप घेतले आणि माझ्याकडं न बघताच आत गेल्या.

त्यानंतर खोडदच्या एका शेतकऱ्यानं तसलीच गाडी आणली. सगळं घर सोबत. मामांची मूठ मिटत नव्हती. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडं केला.

"तू लाव."

त्यांच्या तळव्यानं स्क्रू ड्रायव्हरची मूठ गुळगुळीत झाली होती. हा दिवस यावा म्हणून मी किती वर्षं झुरलो होतो! मी आधी ओरडून सांगितलं, "ब्रेकवरनं पाय काढू नका," आणि कान लावला. लांब कुठंतरी डासासारखी बारीक गुणगुण होती. ती गाडीची होती की माझ्याच कानातली, सांगता येईना.

"काय पावणं," शेतकरी म्हणाला, "आमच्या गावातल्या दुर्बिणीच्या तबकड्यांना आभाळातलं ऐकू येतंय, तुमाला बोनेटखालचं येईना व्हय?"

हशा पिकला. मामा मात्र माझ्याकडंच बघत होते. बरं म्हणालो काय आणि नाही म्हणालो काय, ही गाडी बिघडली तरी आमच्याकडं येणार नव्हती.

"सांग की," मामा हळूच म्हणाले. "लोकं थांबल्यात."

"बरं हाय."

पेढे वाटले. लिंबं ठेवायला कुणी वाकेना, तेव्हा मामींनी ती केरसुणीच्या दांड्यानं लांबूनच सरकवली. मी वळून स्क्रू ड्रायव्हर पुसला, खिळ्याला अडकवला आणि परत बघितलं. फुटलेली लिंबं तेवढी पडली होती. गाडी गेली कधी, कळलंच नाही.