भुलीआधी शकू बोलली

करंजाड्याची शकू पनवेलच्या बाजारात मासळी विकते. कोळंबी मऊ पडली असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगून मोकळी होते, म्हणून सोयरिकीतही तिच्या शब्दाला वजन. आपला मुलगा हृतिक निर्व्यसनी आहे, एवढं तिच्या तोंडून ऐकलं आणि उलव्याच्या काशिरामनं आपली लेक प्राची देऊ केली. साखरपुडाही झाला.

गणपतीनंतर हृतिकला दम लागला, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. पेनसारख्या नळीतून चोरून ओढायच्या व्हेपनं, त्या गोड वासाच्या धुरानं, फुप्फुसं सुजली होती. शकूनं सोयऱ्यांना टायफॉइड सांगितला.

त्यातून जरा उठतोय तोच तो बाइकवरून घसरला. उजवा हात मोडला, प्लेट घालायची ठरली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला सोयरे एकटेदुकटे येत नाहीत. उलव्याहून टेम्पो भरून माणसं आली आणि खाटेभोवती उभी राहिली. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर कीर्ती आल्या. दमा, सिगारेट, छातीचा जुना आजार, काही आहे का, असं विचारलं. हृतिकनं सासऱ्याकडं बघत नाही म्हणून मान हलवली. मग पूर्ण भूल देऊ, घशात नळी घालून, असं म्हणून त्या वळल्या.

"थांब बाय," शकू म्हणाली. "टायफॉइड नव्हता त्यो. छाती सुजलेली. व्हेप वढायचा. मीच खोटं बोलले."

काशिराम हातात शहाळं घेऊन तसाच राहिला.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटचं कधी ओढलं? परवा, हृतिक पुटपुटला. जुने रिपोर्ट आले, छातीचा नवा सीटी झाला. सूज ओसरली होती, पण पुरती नाही. अशा छातीला पूर्ण भूल दिली तर श्वासनळ्या आवळतात, ऑक्सिजन घसरतो, कधी नळी काढताच येत नाही, हे त्यांनी शकूला समजावलं. मग काखेत सुई देऊन हात तेवढा बधिर करायचं ठरलं.

ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर शकू बसली, आणि एक खुर्ची सोडून काशिराम. हृतिक बाहेर आला तो जागाच. हात कुणा दुसऱ्याचा वाटतोय, खायला कधी देणार, अशी बडबड चाललेली. शकूनं तोंडाला पदर लावला.

काशिराम उठला. जावयाची छाती वरखाली होतेय ते नीट बघून घेतलं.

"विहीनबाय, राग हाय मना," तो म्हणाला. "पन येळंवर बोललीस. लगीन पुढच्या साली. तवर धूर नाय. प्राचीच बोलली तसं."

"आनि काय बोलली?"

"हलदीत ह्याला नाचू देनार नाय."

"मंग मी नाचन," शकू म्हणाली.