बानाबाईच्या राघूचा मोतीबिंदू

आमच्या सासूबाई बानाबाई यांचं माणसांशी भांडण आणि जनावरांशी गोडीगुलाबी. करमाडची मेंढरं विकून आम्ही शहरात, मुकुंदवाडीला आलो, नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत लागला आणि सासूबाईंची कळपावरची सगळी माया एका पोपटावर जाऊन बसली. राघूही नगच होता. कंपनीच्या भोंग्याची अशी हुबेहूब नक्कल करायचा की नवरा अर्ध्या ताटावरून उठून सायकल काढायचा.

तोच राघू हळूहळू गप्प झाला. दांडीवर बसताना त्याचा पाय चुकायला लागला. डोळ्यांत पांढरं दिसलं तशा सासूबाई म्हणाल्या, "फूल पडलंय." मेंढीच्या डोळ्यात फूल पडलं की त्यांच्या माहेरी मिठाची पूड फुंकत. सासूबाईंनी तीच राघूच्या डोळ्यांत फुंकली. डोळे लालभडक झाले, राघू पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिला. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "तुला काय कळतंय मेंढरातलं?" हा पोपट आहे, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात निघालो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, क्रांती चौकात मोर्चा. मी म्हटलं, परत फिरू. सासूबाई पिंजरा डोक्यावर घेऊन सरळ गर्दीत घुसल्या. "आजारी हाय वो लेकरू!" घोषणा देणाऱ्यांनीच हसत वाट करून दिली, आणि एकजण तर दवाखान्याच्या दारापर्यंत पिंजरा घेऊन आला.

तिथल्या डॉक्टर काकासाहेबांनी फुलाची आणि मिठाची हकिगत ऐकून घेतली आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहिलं.

"फूल बुबुळाच्या वर असतं, बाई. हे बाहुलीच्या आत आहे. मोतीबिंदू."

"पाखराला बी?"

"पाखरालाही. मीठ बंद करा, आधी लाली उतरू द्या. मग सुईनं आतला गढूळ गर ओढून काढू. पण भूल दिल्यावर पाखरू उठेलच असं नाही."

सासूबाईंनी पिंजऱ्यात बोट घालून राघूची मान खाजवली. मग त्या म्हणाल्या, "आंधळी मेंढी कळपाच्या अंगाला अंग लावून चालती, सायब. ह्याला कळप कुठंय? करा तुमी."

लाली उतरल्यावर आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही बाहेर बाकावर. सासूबाईंनी खंडोबाला काय काय कबूल केलं ते त्यांनाच ठाऊक. राघू उठला, पण मान खाली घालून. पुढं रोज डोळ्यात थेंब घालायचे, तर तो निमूट घालून घेई. दिसतंय की नाही, काही कळेना.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तोंडातून शब्द न काढता पिंजऱ्यासमोर बोट फिरवलं. डावीकडे नेलं, राघूची मान डावीकडे. उजवीकडे नेलं, मान उजवीकडे. डॉक्टर खुशीत आणखी जवळ गेले, आणि राघूनं बोटाचा असा कडकडून चावा घेतला की ते ओरडलेच.

मी शरमेनं अर्धी झाले. सासूबाई मात्र डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या.

"चावला! बघा सायब, नेम धरून चावला!"